समुद्राकडे पाठ

१

जळगावात बसून समुद्र तयार करायचा, हा माझा सध्याचा धंदा आहे. खरा समुद्र मी एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, आणि त्यातही निम्मा वेळ उलट्या करण्यात गेला. पण मेहरूणच्या आमच्या घरात मधल्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. आपल्याला काय हवं ते त्याला शब्दांत लिहून द्यायचं, की तो एआयने हलतं चित्र करून देतो. लाटा म्हटलं की लाटा, धुकं म्हटलं की धुकं. बाहेर एप्रिलचं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत असतं, आणि मी इकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाऊस पाडत असतो.

हे काम पुण्याच्या हेमांगी मॅडमचं होतं. इतिहासाच्या व्हिडिओंचं त्यांचं चॅनेल आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, ती सकाळ त्यांना हवी होती. "ती सकाळ सगळ्यांनी होड्यांमधून पाहिलीय, नवल," मॅडम फोनवर म्हणाल्या. "आपण ती बंकरमधून दाखवू. ज्यांना आत बसून नुसती वाट बघायची होती, त्या लोकांच्या नजरेतून."

म्हणजे एक काँक्रीटची खोली, समोरच्या भिंतीत आडवी फट, फटीतून करडा समुद्र, आणि आत पाच जर्मन सैनिक. होड्या जवळ येतात, शेवटी एक तोफगोळा पडतो आणि पाचही जण मरतात. गोष्ट एवढीच.

चार सैनिकांचे चेहरे मशीनने आपल्या मनाने केले. मधला मुख्य सैनिक मात्र दर शॉटला वेगळाच निघे. चेहरा टिकवायचा तर खऱ्या माणसाचे भरपूर फोटो द्यावे लागतात. माझे फोटो द्यावेत म्हणून शोधले, तर मी सगळीकडे कडेला, एक कान कापलेला. फोटोंच्या मध्यभागी आमच्या घरात एकच माणूस असायचा. माझा थोरला भाऊ, कौतिक.

कौतिक सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी पारोळ्याजवळ हायवेवर त्याची गाडी उलटली, आणि तो गेला. बायकोपोरं सावद्यालाच राहिली. दिसायला गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, आईवर गेलेला. मी वडिलांवर गेलो. जर्मन म्हणून खपला असता असा आमच्या अख्ख्या भावकीत तोच. मी त्याचे फोटो मशीनला दिले. आणि लपवण्यासारखं काय आहे, तोफगोळ्याचा शॉट करायची मला जरा घाईच झाली होती.

बायको रूपा आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, धुळ्याला माहेरी निघाली होती. बॅग भरता भरता तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाचा हेवा करणारे तुम्हीच पहिले."

२

आईने ती क्लिप पाहिली ती अपघाताने. कूलरमध्ये पाणी भरायला ती बादली घेऊन आली होती. आमचा कूलर माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे, खिडकीत बसवलेला आहे. ती परत फिरली आणि बादली तिच्या हातून सुटली.

"मना कौतिक," ती म्हणाली. "कितला वाळी गया व माय!"

आई पारोळ्याकडची. घरात ती अहिराणीच बोलते; 'मना' म्हणजे माझा. मला ती कळते, पण मी उत्तर मराठीत देतो, शाळेपासूनची सवय. कौतिक मात्र तिला अहिराणीतच ओ द्यायचा, 'उनू व माय', आलो गं आई, आणि त्याचंही तिला केवढं अप्रूप. नाव काय ठेवलं, तर तेही कौतिक. माझ्या वाट्याला काय उरणार होतं?

"आई, ते खरं नाही. मशीनने केलंय," मी म्हणालो.

"माले काय समजत नही का?" ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

मी सहा वर्षं हे काम करतो आहे. सहा वर्षांत ती या खोलीत कूलर भरायला आणि झाडू मारायला आली. मी काय करतो हे तिने विचारलं नाही, की एकदा बसून पाहिलं नाही. आता ती रोज दुपारी जेवण झालं की स्टूलवर येऊन बसायला लागली. चहा आणायची. एकच कप. तो कप माझ्या हाताशी नाही, स्क्रीनच्या पायथ्याशी ठेवायची. थंड झाला की मलाच म्हणायची, "पी ले तू."

उष्टा चहा प्यायचा, तोही मेलेल्या भावाचा. मी प्यायलो नाही. बेसिनमध्ये ओतला.

३

पहिली चूक मॅडमनी दाखवली.

"नवल, काम झकास. तो मधला सैनिक तर काय सुंदर जमलाय! त्याच्यावरच सगळं ठेव. पण तो समुद्राकडे का बघत नाही? हल्ला तिकडून येतोय ना?"

पुण्याच्या बाईलाही तोच आवडला, हे ऐकून माझं डोकं फिरलं. त्यामुळे पुढचं वाक्य माझ्या नीट डोक्यात शिरलं नाही. मग सगळ्या क्लिप्स पुन्हा पाहिल्या. चारही सैनिक फटीला डोळे लावून उभे. पाऊस फटीतून आत येतोय, दूर होड्यांचे ठिपके वाढताहेत. आणि कौतिक समुद्राकडे पाठ करून उभा होता. आत बघत होता. आत म्हणजे माझ्याकडे.

मी लिहून दिलेलं वाचून पाहिलं. 'पाचही सैनिक समुद्राकडे बघत आहेत,' असं स्वच्छ लिहिलं होतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. कौतिकचा प्रत्येक फोटो समोरून होता. लग्नात, वाढदिवसाला, सावद्याच्या केळीच्या ढिगापुढे, जिथे तिथे कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. मशीनने त्याची पाठ कधी पाहिलीच नव्हती. जे पाहिलं नाही ते बिचारं दाखवणार कसं? मला हायसं वाटलं. मी आईला विचारलं, "कौतिकचा पाठमोरा एखादा फोटो आहे का गं?"

आई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "तो माले कधी पाठ दाखाडे नही."

मी दाखवत होतो का? पण हे विचारण्यात अर्थ नव्हता.

मी मशीनला दुसऱ्या कुणाची पाठ दिली. लिहिलं, की हाच तो, पाठमोरा. शॉट आला. कौतिकच्या अंगकाठीचा एक माणूस फटीकडे तोंड करून उभा होता खरा, पण त्याची मान उलटी वळलेली होती आणि चेहरा आतच होता. असल्या गफलती मशीन करतं. हाताला सहा बोटंही काढतं. मी तो शॉट पुसून टाकला, आणि आईने तो पाहिला नाही याचं बरं वाटलं.

४

मग आवाजाचं सुरू झालं.

हल्ली ही मशीनं चित्राबरोबर आवाजही करून देतात. लाटा, वारा, लांबची तोफ. मी हेडफोन लावून ऐकत होतो, तेव्हा लाटांच्या खाली एक घरघर होती. मधेच तिच्यात टकटक व्हायची, पंप पाणी ओढताना अडखळतो तशी. मी हसलोच. हेडफोन स्वस्तातला, बाहेरचं सगळं ऐकू येणारा, आणि मागे कूलर चालू. मी उठून कूलर बंद केला आणि पुन्हा ऐकलं.

घरघर तशीच होती. टकटकही.

आमच्या कूलरच्या पंपाची पट्टी सैल आहे. दर वर्षी नीट करू म्हणतो आणि राहतं. कौतिक असताना तो ती पट्टी दोन बोटांनी दाबून ठेवायचा, आणि आवाज थांबला की आईकडे बघून भुवया उडवायचा. मी बंकरचा तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. एका ठिकाणी टकटक थांबली. कुणीतरी पट्टी दाबून धरावी तशी. आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

मशीन जगभरचे आवाज ऐकून शिकलेलं असतं, त्यात कूलर असणारच. जळगावात नाही, तर दुसरीकडे कुठे कूलर नसतात का? हे मी स्वतःला मोठ्याने समजावलं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "तू कोनासंगे बोली राहिना?"

"कुणाशी नाही."

तिने कप ठेवला, स्क्रीनकडे पाहिलं आणि लाडाने हसली. मला उगाचच वाटलं, की तिला उत्तर मिळालं.

५

आखाजी दोन दिवसांवर आली. आमच्याकडे आखाजीला घागर भरतात आणि दुपारी आगारी टाकतात. पेटत्या गोवरीवर तूप सोडायचं, आणि घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन पुरणपोळीचा घास त्यात टाकायचा. नावं आई घेते, घास पुरुषाने टाकायचा. शिवाय बाहेरचा एक माणूस पितर म्हणून जेवायला बोलावतात. त्याला पाटावर बसवून वाढलं, की जे गेले त्यांना पोचतं. आमच्याकडे शेजारचे झिपरू नाना येतात.

गेल्या आखाजीला आईने आजोबांचं, आजीचं, वडिलांचं नाव बाजारहाटाची यादी सांगावी तसं सांगितलं. मग थांबली आणि म्हणाली, "मना कौतिक, ये रे भाऊ, जेवाले ये." तो आवाज माझ्या कानातून आजही जात नाही. घास माझ्या हातात होता. मी जिवंत, तिच्या शेजारी बसलेलो. मला ती 'ए नवल' म्हणून हाक मारते, गॅसवाल्याला मारावी तशी. एकदा तरी त्या आवाजात तिने माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं. बाकी घर, जमीन, वडिलांचं घड्याळ, सगळं कौतिकच्या पोरांना गेलं तरी माझी ना नव्हती.

यंदा तोफगोळ्याचा शॉट मी आखाजीच्या दोन दिवस आधी, दुपारी करायला घेतला. पहिल्या वेळी धूर निवळला, तर चार मेलेले आणि कौतिक उभा. दुसऱ्या वेळी छत कोसळलं, आणि ढिगाऱ्यात कौतिक उभा. मी चिडून लिहिलं, 'मधला सैनिक मरतो.' धूर निवळला. कौतिक उभाच, पण त्याच्या पायाशी एक पाचवा माणूस पालथा पडलेला होता. चेहरा दिसत नव्हता. अंगावर गणवेशही धड नव्हता, एक चौकड्यांचा शर्ट होता. तसला शर्ट माझ्याकडे आहे. माझ्याकडे म्हणजे शंभर जणांकडे असेल.

मागून आईचा आवाज आला. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

"एक डाव मरना ना तो," ती म्हणाली. "आते तू तेले कितला डाव मारशी?"

"आई, हे काम आहे माझं."

"तुना कामले आग लागो."

एवढं बोलून ती स्क्रीनजवळ गेली, पदराने काच पुसली आणि निघून गेली. मी मेल्यावर ती माझ्यासाठी कुणाशी अशी भांडेल का, हा विचार मी रात्रभर करत राहिलो.

६

सकाळी मी कौतिकचे सगळे फोटो मशीनमधून काढून टाकले. मोबाइल स्टँडवर लावला, आणि स्वतःचे फोटो काढले. समोरून, बाजूने, मागून. पाठीचे तर मुद्दाम जास्त. बघू दे म्हटलं आईला, मुख्य सैनिक म्हणून मी कसा दिसतो ते. मशीनमध्ये कौतिकच्या नावाने केलेली जागा तशीच ठेवून तिच्यात माझे फोटो भरले. पुन्हा सगळं लिहीत बसायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

शॉट आला. चार सैनिक फटीशी, आणि मधे मी. चेहरा, जिवणी, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं माझं. आणि मी समुद्राकडे पाठ करून आत बघत होतो.

माझ्या पाठीचे इतके फोटो दिले होते.

मॅडमचा फोन आला. "पहिला कुठे गेला? तोच हवा होता, नवल. यात तो दम नाही." मी माझा शॉट पुन्हा चालू केला. "बरं, आता वेळ नाही, चालवू. पण हाही आतच बघतोय. मग असं कर, तो कुठे बघतोय ते तरी दाखव. त्याच्या नजरेतून एक उलटा शॉट. प्रेक्षकांना वाटेल, आपण मुद्दामच केलंय."

दुपारी आई आली. हातात चहा होता. मी खुर्ची बाजूला सरकवून तिला नीट दिसेल असं केलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने बराच वेळ पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं.

"कोन शे हाऊ?" ती म्हणाली.

"नीट बघ ना, आई."

"मी नही वळखस." तिने कप उचलला आणि चहा घेऊन स्वयंपाकघरात परत गेली. तो तिने बेसिनमध्ये ओतला नाही. आतून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी फुर्रर्र करून तो प्यायलं. आई बशीने चहा पीत नाही. आमच्या घरात बशीने पिणारा एकच होता.

आज प्यायली असेल, असं मी धरून चाललो.

७

आखाजीच्या दिवशी सकाळपासून घरात पुरणाचा वास होता. मी मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो. उलटा शॉट दुपारपर्यंत पाठवायचा होता. 'तो सैनिक जिकडे बघतो आहे ते दृश्य,' एवढंच लिहून मी मशीनला दिलं, आणि आवाज स्वच्छ कळावा म्हणून कूलर बंद केला. खोली लगेच तापायला लागली.

"ए नवल," आईने हाक मारली. "आगारी टाकनी शे. चाल."

"आलोच. पाच मिनिटं."

पुन्हा हाक आली नाही. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून गोवरीचा धूर आला, मग तूप पडल्याचा चर्र आवाज. आईने माझ्यावाचून सुरुवात केली होती. घास पुरुषाने टाकायचा असतो. झिपरू नाना लवकर आले असतील, त्यांनाच बसवलं असेल, असं मी स्वतःशी म्हणालो. तरी राग आलाच. एवढा एक मान माझ्याकडे उरला होता, तोही शेजाऱ्याला दिला.

मग पुढच्या दारातून झिपरू नानांनी आईला हाक दिली. "पुष्पाबाई, मी येवाना पहिलेच सुरू करी दिधं का? पाटवर कोन बठाडेल शे?" चपला काढल्याचा आवाज आला. मग नाना अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हाऊ तर... मंग माले कसाले बलायं, माय?" आणि चपला तशाच हातात घेऊन कुणी पळावं तशी अनवाणी पावलं फरशीवरून बाहेर गेली.

मी उठायला हवं होतं. दार तीन हातांवर होतं. पण तेवढ्यात शॉट तयार झाला आणि स्क्रीन उजळली.

दृश्यात आमचं स्वयंपाकघर होतं.

काँक्रीट नाही, सैनिक नाहीत. आमची पिवळी भिंत, भरलेली घागर, तिच्यावर आंबा. गोवरीचा धूर सरळ वर चालला होता. आई या बाजूला तोंड करून बसलेली. आणि तिच्यासमोर पाटावर एक माणूस, माझ्याकडे पाठ करून. ती पाठ मी ओळखली. मशीनला जी कधी जमली नाही, कुठल्याच फोटोत नव्हती, ती तंतोतंत होती. डावा खांदा जरा खाली, मानेवर केसांचा तो भोवरा. त्याने हातात घास धरला होता आणि तो नाव ऐकायला थांबला होता.

आईने आजोबांचं नाव घेतलं. घास पडला, धूर हलला. आजीचं घेतलं. वडिलांचं घेतलं. तिचा आवाज दारातून येत होता की स्क्रीनमधून, ते मला कळेना. मी दाराकडे बघायला मान वळवू लागलो. मान वळली नाही.

माझ्या पाठीवर गार हवा लागली. कूलर बंद होता. हवा ओली होती, खारट होती, आणि तिच्याबरोबर मागून आवाज येत होता, आधी लांबून आणि मग जवळून, पाण्यावर इंजिनं चालल्याचा. शेजारी कुणीतरी परक्या भाषेत पुटपुटलं. त्याने बंदूक सावरली, तिचं लोखंड काँक्रीटवर घासलं.

आई थांबली होती. मला तिचं थांबणं माहीत होतं. आता ती 'मना कौतिक' म्हणणार. मी दात घट्ट दाबून धरले.

आईने डोळे पुसले. पाटावरच्या माणसाच्या खांद्यावरून तिने थेट माझ्याकडे पाहिलं. इतकं निवांत तिने मला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"मना नवल," ती म्हणाली. "ये रे भाऊ, जेवाले ये."

तोच आवाज होता. एक कणही कमी नाही. किती वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. माझ्या मागे लाटा अगदी फटीशी येऊन फुटल्या, तरी मी तिकडे पाहिलं नाही.

"ओ," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बोलीत म्हणालो, "उनू व माय."

पाटावरच्या माणसाने घास टाकला.